पोटॅशच्या गोणीसाठी जमिनीखालची वाळू का गोठवावी लागते?

खताच्या दुकानात ०:०:६० ची, म्हणजे आपण नुसतं पोटॅश म्हणतो त्याची गोणी कुठे फाटलेली दिसली तर दाणा हातात घेऊन बघा. पांढरा असतो नाहीतर विटकरी लाल. लाल असेल तर तो कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात जमिनीखाली एक किलोमीटरवरून वर आलेला असू शकतो, तो रंग त्यातल्या लोहाचा. भारतात म्युरेट ऑफ पोटॅशची चालू खाण नाही, केळी, ऊस, द्राक्षं, बटाटा, ज्याला ज्याला हे खत लागतं ते सगळं बोटीने बाहेरून येतं, कॅनडा, रशिया, बेलारूस, इस्रायल, जॉर्डन इथून. त्यामुळे तिकडे नवी खाण कधी सुरू होणार ही बातमी आपल्या बांधापर्यंत पोचतेच.

अशी एक बातमी अधूनमधून येत असते. सस्कॅचेवानमध्ये जॅन्सन नावाच्या गावाजवळ बीएचपी कंपनी मोठी पोटॅशची खाण उभी करतेय, पहिल्या टप्प्यात वर्षाला ४१.५ लाख टन माल काढायचा बेत आहे. तिचे दोन उभे शाफ्ट २०१८ मध्ये तळापर्यंत खोदून झाले, आतलं अस्तर पुरं व्हायला २०२२ उजाडलं, आणि २०२५ मध्ये कंपनीने सांगितलं की पहिला माल २०२७ च्या मध्याला निघेल. हे वाचून माझ्या ओळखीतल्या दोघा-तिघांनी विचारलं की दोन खड्डे करायला इतकी वर्षं? आपल्याकडे बोअरवाला एका रात्रीत दोनशे फूट जातो.

प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर खोलीमध्ये नाही, पाण्यात आहे.

## शाफ्ट म्हणजे नेमकं काय

शाफ्ट म्हणजे खाणीची उभी विहीर, पाच-सहा मीटर किंवा त्याहून जास्त रुंद. माणसं खाली जाणार ती यातून, माल वर येणार तो यातून, हवा, वीज, पाणी सगळं यातूनच. बोअर वीतभर व्यासाचं असतं आणि त्यात माणूस उतरत नाही, शाफ्टमध्ये माणूस उतरून काम करतो. म्हणजे खोदत असताना प्रत्येक क्षणी भिंत उभी राहिली पाहिजे, आणि पुढे पन्नास-साठ वर्षं राहिली पाहिजे.

कठीण खडकात हे अवघड नाही. सुरुंग लावायचा, दगड उचलायचा, भिंतीला काँक्रीट करायचं, पुढे जायचं. आपला काळा पाषाण असता तर हा लेख लिहायची गरजच पडली नसती.

## मग अडतं कुठे?

सस्कॅचेवानमध्ये पोटॅशचा थर साधारण एक किलोमीटर खोल आहे आणि त्याच्या वाटेत, जागेनुसार चारशे-पाचशे मीटरच्या आसपास, ब्लेअरमोर नावाचा थर लागतो. हा थर बराचसा मोकळ्या वाळूचा आहे आणि पाण्याने ठासून भरलेला आहे. नुसता ओला नाही, दाबाखाली भरलेला.

दाब किती ते हिशेबाने बघू. पाण्याची पातळी जमिनीच्या जवळपास धरली तर दर दहा मीटरला एका चौरस सेंटिमीटरवर एक किलो या हिशेबाने ४५० मीटरवर ४५ किलो होतात. म्हणजे तळहाताएवढ्या जागेवर, बोटं सोडून, साडेचार टन. एक भरलेला टेम्पो तुमच्या तळहातावर उभा आहे असं समजा, आणि तो वरून नाही, आडवा, भिंतीतून आत दाबतोय. तिथे भिंतीला बोटभर भोक पडलं तर आत येणारी ती पाण्याची चिळकांडी नसते, पाण्याबरोबर वाळू येते, वाळू आली की मागे पोकळी होते, पोकळी झाली की वरचं बसतं.

हे मी लहानपणी फार छोट्या प्रमाणात बघितलंय. यावल तालुक्यात मामांच्या शेतात विहीर खोदायचं काम चाललं होतं, तापीकाठचा तो सगळा भाग गाळाचा, पंचेचाळीस फुटांवर वाळू लागली आणि तिच्यात पाणी होतं. यारी लावलेली, दोन गडी खाली. पहिल्यांदा भिंतीतून पाणी नुसतं पाझरत होतं, मग त्या पाण्याचा रंग बदलला, गढूळ झालं, आणि खालच्या म्हाताऱ्या गड्याने पाटी टाकून दिली न् ओरडला, दोर ओढा. दोघं वर आले आणि जेवायच्या आत एका बाजूची भिंत बैलगाडीभर खाली बसली. मामा कितीतरी वेळ काठावर नुसते उभे होते. नंतर सिमेंटच्या रिंगा उतरवून ती विहीर पुरी केली पण त्या म्हाताऱ्याचं वाक्य मला आजही आठवतं, "स्वच्छ पाणी येऊ द्या, गढूळ आलं की निघायचं." स्वच्छ पाणी म्हणजे नुसतं पाणी, गढूळ म्हणजे जमीनच निघून चाललीय. जगभरच्या शाफ्ट खोदणाऱ्यांना हा फरक पाठ असतो.

आता पंचेचाळीस फुटांच्या जागी साडेचारशे मीटर ठेवा. रिंगा तिथे चालत नाहीत, रिंग आपल्या वजनाने खाली सरकावी लागते, इतक्या खोलवर भोवतालची जमीन तिला घट्ट धरून ठेवते.

## पंप लावून उपसत का नाहीत?

ही सगळ्यात पहिली शंका, आणि उथळ कामात खरंच हेच करतात, भोवती बोअर मारून पाणी ओढतात. पण ब्लेअरमोरसारखा थर शेकडो किलोमीटर पसरलेला आहे, तुम्ही एका जागी उपसाल तर चारी बाजूंनी भरून येणार. तलावात बादली बुडवून खड्डा पाडायचा प्रयत्न केल्यासारखं आहे ते.

दुसरी शंका, सिमेंट का सोडत नाहीत. सोडतात. याला ग्राउटिंग म्हणतात, म्हणजे बोअरमधून सिमेंटचं पातळ पाणी किंवा रसायन दाबाने जमिनीत भरायचं आणि ते आत घट्ट होऊ द्यायचं. आपल्याकडे धरणाच्या पायात, बोगद्यात हे नेहमीचं आहे. खडकाला भेगा असतील तर ग्राउट फार छान काम करतं कारण भेगेत ते शिरतं. पण बारीक वाळूत अडचण अशी की सिमेंटचा कण वाळूच्या दोन दाण्यांमधल्या फटीच्या मानाने मोठा पडतो, मग गाळणीत अडकावा तसा तोंडाशीच अडकतो आणि आतली वाळू कोरडी... म्हणजे सिमेंटविना राहते. रसायन पुढे जातं, पण नेमकं कुठे गेलं आणि कुठे नाही गेलं हे वरून कळत नाही. साडेचारशे मीटरवर एक कोपरा सुटला तरी तो पुरेसा आहे.

कोकण रेल्वेच्या पेडणे बोगद्याची गोष्ट इकडच्या जुन्या लोकांना माहीत असेल. जेमतेम दीड किलोमीटरचा बोगदा, पण आतली जमीन ओली, मऊ, चिकणमातीची, पुन्हा पुन्हा ढासळली, माणसं गेली, आणि पूर्ण मार्गावर गाडी धावायला जानेवारी १९९८ उजाडला. मऊ ओल्या जमिनीपुढे कठीण खडक परवडला, असं तिथे काम केलेले लोक सांगतात ते उगीच नाही.

## आईस्क्रीमचं पॉट आठवतंय का?

मे महिन्यात अंगणात लाकडी बादलीत फिरवायचं ते पॉट. मधे दुधाचा डबा, भोवती फोडलेला बर्फ, आणि बर्फावर जाडं मीठ. मीठ का, तर मीठ पडलं की बर्फाचं पाणी होतं पण ते पाणी शून्याच्या खूप खाली जातं आणि तरी पातळच राहतं. तेच थंडगार खारं पाणी डब्याला चिकटून फिरतं आणि डब्यातलं दूध कडेपासून गोठत आत येतं.

शाफ्टवाले अगदी हेच करतात, फक्त उलट्या बाजूने. शाफ्ट जिथे खोदायचाय त्याच्या भोवती गोल रिंगण आखून साधारण मीटर-सव्वा मीटरच्या अंतराने बोअर मारतात, ती पार त्या वाळूच्या थराच्या खाली कठीण खडकापर्यंत. प्रत्येक बोअरमध्ये एक पाईप, तळाशी बंद, आणि त्याच्या आत दुसरा बारीक पाईप, तळाशी उघडा. वर अमोनियाचा मोठा थंडावा प्लांट, आपल्या बर्फाच्या कारखान्यात असतो त्याच जातीचा. त्यात कॅल्शियम क्लोराइडचं खारं पाणी उणे २५ ते उणे ३५ अंशापर्यंत थंड करायचं, आतल्या पाईपने खाली सोडायचं, ते तळाला जाऊन बाहेरच्या पाईपमधून वर येतं, येताना जमिनीतली उष्णता घेऊन येतं, परत थंड, परत खाली. हे खारं पाणी जमिनीला कधी शिवत नाही, पाईपमध्येच फिरतं. जमिनीत काही भरत नाही आपण, फक्त उष्णता बाहेर काढतो, आणि मला या पद्धतीत हेच सगळ्यात सुंदर वाटतं, की जे पाणी शत्रू होतं त्याचंच सिमेंट होतं.

ही युक्ती नवी नाही. १८६२ साली साउथ वेल्समध्ये ती वापरल्याची नोंद आहे आणि १८८३ मध्ये पोएट्श नावाच्या जर्मन खाण इंजिनियरने तिचं पेटंट घेतलं. मूळ कल्पना आजही तीच आहे.

## भिंत तयार झाली हे कळतं कसं?

प्रत्येक पाईपभोवती आधी बर्फाळ वाळूचा खांब तयार होतो, मेणबत्तीवर मेण चढत जावं तसा जाड होत जातो. काही आठवड्यांनी शेजारचे खांब एकमेकांना टेकतात, मग रिंगण बंद होतं, मग भिंत दोन-चार मीटर जाड होत जाते. या सगळ्याला महिने लागतात, आणि का लागतात त्याचाही हिशेब आहे. एक घनमीटर भिजलेल्या वाळूत समजा ३०० लिटर पाणी आहे. ते शून्य अंशावर आणल्यानंतर फक्त पाण्याचा बर्फ करायला जवळपास २८ युनिट विजेइतकी उष्णता बाहेर काढावी लागते. अशी हजारो घनमीटर वाळू, आणि काढायची कशातून तर बारीक पाईपांतून. घाई करून होणारं काम नाही हे.

रिंगणाच्या बरोबर मधोमध एक साधं बोअर ठेवलेलं असतं, त्यात काही थंड वगैरे सोडत नाहीत, नुसती पाण्याची पातळी मोजत बसतात. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. रिंगणाला कुठेही फट आहे तोवर हे जादा पाणी फटीतून बाहेर सटकतं आणि मधल्या बोअरची पातळी हलत नाही. ज्या दिवशी रिंगण पूर्ण बंद होतं त्या दिवसापासून आतल्या पाण्याला जायला जागा नसते, आणि ते मधल्या बोअरमध्ये चढायला लागतं. पातळी वर येताना दिसली की वरचे लोक समजतात, खाली भिंत जुळली. एवढ्या अगडबंब यंत्रणेत शेवटी खात्री देतं ते दोरीला बांधलेलं वजन सोडून मोजता येईल असं पाणी. जोडीला तापमान मोजणारी बोअर वेगळी असतात, पण मधल्या बोअरची साक्ष मोठी.

मगच खोदाई. गोठलेली वाळू हलक्या प्रतीच्या काँक्रीटसारखी कडक असते, फावड्याने निघत नाही. सुरुंग लावायचा तर फार जपून, धक्क्याने पाईप तुटू शकतो. जॅन्सनला सुरुंगाऐवजी दातेरी फिरत्या ड्रमचं मोठं यंत्र शाफ्टमध्येच उतरवून भिंत कुरतडत खाली गेले.

## कॅनडात एवढी थंडी, मग आपोआप गोठत नाही का?

नाही. हिवाळ्यात तिथे उणे तीस-चाळीस होतं पण ती थंडी जमिनीत दोन-एक मीटर शिरते, बस. त्याखाली पृथ्वीची स्वतःची ऊब आहे, दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंश या बेताने वाढत जाणारी, त्यामुळे साडेचारशे मीटरवर वाळू चांगली कोमट असते. वरच्या बर्फाचा खालच्या वाळूशी काही संबंध नाही.

वीज गेली तर सगळं वितळेल ही भीतीही लोक बोलून दाखवतात. एवढा मोठा गोठलेला गोळा तासाभरात वितळत नाही, गोठायला महिने लागले तसे सुटायलाही दिवस-आठवडे लागतात, आणि तेवढ्यात जनरेटर चालू होतो. धोका वीज जाण्यात नाही. धोका वेगळ्याच तीन गोष्टींत आहे.

## खरी भीती कशाची

पहिली, बोअर वाकडं जाण्याची. पाचशे मीटरला फक्त एक टक्का तिरकं गेलं तर तळाला पाच मीटर सरकलं. वर दोन पाईप सव्वा मीटरवर दिसतात आणि खाली त्यांच्यात सहा मीटरचं अंतर असू शकतं, म्हणजे भिंतीला खिडकी राहिली. म्हणून प्रत्येक बोअर जायरोस्कोपने वरपासून खालपर्यंत मोजतात, वाकलं असेल तर वळवून घेतात, तरी फट राहिली तर जादा बोअर मारतात. कागदावर हे काम कंटाळवाणं दिसतं, पण माझ्या मते पूर्ण शाफ्टचं नशीब याच मोजणीत ठरतं.

दुसरी, वाहतं पाणी. थरातलं पाणी दिवसाला एक-दोन मीटरपेक्षा जास्त वेगाने सरकत असेल तर ते नवीन ऊब आणत राहतं आणि खांब जुळतच नाहीत. तिसरी, पाईप फुटून खारं पाणी जमिनीत जाण्याची. एकदा मीठ त्या वाळूत मिसळलं की तो तुकडा त्या थंडीत गोठतच नाही, भिंतीत मऊ डाग राहतो.

आणि हेही सांगायला हवं की ही पद्धत सगळीकडे चालत नाही. जमिनीत पाणीच नसेल तर गोठवायचं काय? कोरड्या मोकळ्या मुरुमाला याचा उपयोग नाही.

## जिथे खनिजच गोठवून ठेवतात

सस्कॅचेवानच्या उत्तरेला, सस्काटून शहरापासून साडेसहाशे किलोमीटरवर, सिगार लेक नावाची युरेनियमची खाण आहे. आजूबाजूला तळी आणि जंगल, कामगार विमानाने येतात, आठवडाभर राहतात, विमानाने जातात. खनिज साडेचारशे मीटरच्या आसपास, त्याच्या वर पाण्याने भरलेला वालुकाश्म, आणि खनिजाभोवतीची जमीन मातीसारखी मऊ. साठा १९८१ मध्ये सापडला, बांधकाम २००५ मध्ये सुरू झालं, आणि २००६ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या शाफ्टमध्ये पाणी शिरलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये खाली दगड कोसळून पाणी आलं आणि अख्खी खाण बुडाली. उपसायला घेतली तर २००८ मध्ये पुन्हा पाणी. खाण कोरडी झाली २०१० मध्ये आणि पहिलं खनिज निघालं २०१४ मध्ये.

अशा जागी चूक महाग पडते ती अंतरामुळे. जादा पंप लागला, सिमेंट लागलं, एखादा जाणकार माणूस लागला तर तो शेजारच्या गावातून येत नाही. म्हणून तिथे गोठवणं ही शाफ्टपुरती गोष्ट राहिली नाही, खनिज आणि भोवतालची जमीन आधी गोठवतात आणि मग खालच्या घट्ट खडकात उभं राहून पाण्याच्या जोरदार झोताने ते कापून काढतात, माणूस खनिजाजवळ जात नाही. भारताने २०१५ मध्ये याच कॅनडाच्या कामेको कंपनीशी युरेनियम घ्यायचा करार केला होता, सिगार लेक तीच चालवते.

## शेवटी बर्फ वितळू देतात, मग?

गोठलेली भिंत तात्पुरती आहे, ती कायमची ठेवायची तर प्लांट कायम चालवावा लागेल. तिच्या आडोशाने खरं अस्तर उभारायचं असतं. सस्कॅचेवानमधल्याच एस्टरहेझीच्या पोटॅश खाणीचा शाफ्ट १९५७ ते १९६२ या काळात खोदला तेव्हा ब्लेअरमोर गोठवला आणि आतून ओतीव लोखंडाचे जाडजूड तुकडे बोल्टने जोडून नळकांडं उभं केलं, त्याला टबिंग म्हणतात. दोन तुकड्यांमधल्या सांध्यात शिसं ठोकून भरतात, शिसं मऊ असतं म्हणून फटीत बसतं. बाहेरच्या पोकळीत काँक्रीट आणि ग्राउट. काँक्रीट घट्ट होताना गरम होतं आणि बर्फाला लागून आहे, म्हणजे एकीकडे बर्फ सुटायची भीती आणि दुसरीकडे काँक्रीट नीट न जमायची, ते सांभाळत जावं लागतं. मग प्लांट बंद करून जमीन हळूहळू सुटू देतात आणि पहिल्यांदाच तो साडेचार टनांचा तळहात लोखंडावर टेकतो. त्या दिवसांत प्रत्येक सांध्यापाशी माणूस दिवा घेऊन थेंब शोधत असतो.

एका थेंबाची इतकी काळजी का? कारण खाली पोटॅश आहे, म्हणजे मीठच, आणि मीठ पाण्यात विरघळतं. कोळशाच्या खाणीत पाणी आलं तर उपसता येतं, कोळसा जागेवर राहतो. इथे पाणी गुळाच्या ढेपेवर पडल्यासारखं आपली वाट स्वतः मोठी करत जातं. सस्काटूनजवळच्या पेशन्स लेक खाणीने १९५८ मध्ये माल काढायला सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी शाफ्टमधल्या पाण्यापायी ती बंद ठेवावी लागली, परत सुरू व्हायला १९६५ आलं. तीच खाण १९८७ मध्ये पाण्याने भरली, आता तिथे माणूस खाली जात नाही, पाणी सोडून विरघळलेलं पोटॅश वर ओढतात. एस्टरहेझीच्या जुन्या खाणीत शाफ्टमधून नाही तर खाली खाणीच्या आतच, १९८५ पासून खारं पाणी यायला लागलं. कंपनी छत्तीस वर्षं ते उपसत राहिली, भेगांत ग्राउट भरत राहिली, आणि जून २०२१ मध्ये तिथले दोन जुने शाफ्ट ठरल्याआधीच बंद केले.